खव्याचा तांबूसपणा: साखरेचा नव्हे, दुधाचाच

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या पुढे गेले की बालाघाटाच्या रांगांत भूम तालुका लागतो. त्यातले कुंथलगिरी जैन तीर्थक्षेत्र म्हणून जितके प्रसिद्ध, तितकेच खव्यासाठी आणि पेढ्यासाठी. कमी पावसाच्या या पट्ट्यात जनावरे हा शेतीचा आधार. आणि दूध शहरात पोहोचेपर्यंत नासण्याची धास्ती असेल, तर ते भट्टीवर आटवणे हा जुना, शहाणपणाचा मार्ग. या खव्याच्या रंगावरून मात्र गिऱ्हाईक दोन टोकांचे निष्कर्ष काढते. कुणाला पांढराशुभ्र खवाच शुद्ध वाटतो, तर कुणाला तांबूस खवा म्हणजे भरपूर आटवलेले अस्सल दूध. माझ्या मते दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. रंग ही शुद्धतेची ग्वाही नाही. दुधाने किती उष्णता, किती वेळ आणि किती कोरड्या अवस्थेत सोसली, याची ती नोंद आहे.

हा रंग साखर जळून येतो, असे अनेकांना वाटते. त्याविरुद्धचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच आहे. गुलाबजाम पाकात पडण्याआधी, तळतानाच तपकिरी होतो. बासुंदीत साखर पडण्यापूर्वीच तिच्यावर गुलाबी छटा चढलेली असते. साखरेचे कॅरमल होण्यास सुमारे १६० अंश सेल्सिअस तापमान लागते. पाणी शिल्लक असलेले दूध मात्र शंभराच्या आसपासच उकळत राहते. कढईचा तळ याहून बराच तापतो हे खरे, पण तिथे चिकटलेला थर करपतो आणि त्याचा कडवट वास लपत नाही. उलथने सतत फिरवत राहायचे ते त्यासाठीच. सगळ्या गोळ्यावर सारखा चढणारा रंग वेगळ्या अभिक्रियेचा असतो.

फ्रेंच वैद्यक-रसायनज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये शर्करा आणि अमिनो आम्ले एकत्र तापवल्यावर येणाऱ्या तपकिरी रंगाचे वर्णन केले. अमेरिकेतल्या जॉन हॉज यांनी १९५३ मध्ये या अभिक्रियेचे टप्पे सुसंगतपणे मांडले. दुधातली लॅक्टोज ही शर्करा प्रथिनांतल्या लायसिन या अमिनो आम्लाशी जोडली जाते. पुढे त्या जोडणीतून खमंग वासाची संयुगे तयार होतात आणि शेवटी मेलॅनॉइडिन ही तपकिरी द्रव्ये. ऊस-साखरेचे रेणू फुटल्याशिवाय या जोडणीत भाग घेऊ शकत नाहीत. लॅक्टोज थेट घेते. पाण्याचे गणित इथेच निर्णायक ठरते. भरपूर पाण्यात हे रेणू विरळ असतात आणि अभिक्रिया मंदावते. अगदी कोरड्यात ते हलू शकत नाहीत. मधल्या अवस्थेत वेग सर्वाधिक. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण एक किलोच्या वर खवा उतरतो, म्हणजे लॅक्टोज आणि प्रथिने चार-पाचपट दाटतात. म्हणून रंगाची खरी धावपळ शेवटच्या काही मिनिटांत होते, आणि कारागिराचे कसब रंग आणण्यापेक्षा तो वेळीच थांबवण्यात असते. पेढा-बर्फीचा पिंडी खवा फिकट असताना उतरवतात. पेढ्यासाठी तोच पुन्हा भाजला की थांबवलेली अभिक्रिया पुढे सरकते.

यावर पहिला आक्षेप पोषणाचा, आणि तो वजनदार आहे. जामखेडचे नाव जगाला ठाऊक झाले तेच १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी इथे उभारलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पामुळे. तेव्हा पोषणाचा हिशेब इथे तरी टाळता येणार नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते आणि दूध ती उणीव भरून काढते. तपकिरी होताना खव्यातले काही लायसिन अडकून पडते, शरीराला मिळत नाही. पण पेढा हा प्रसाद आहे, रोजचा आहार नाही. लायसिनसाठी भाकरीसोबत दूध किंवा डाळ हवी. पेढ्याकडून ती अपेक्षाच चुकीची.

दुसरा आक्षेप भेसळीचा. आंबू लागलेल्या दुधात सोडा घातला तर आम्लता लपते, आणि अल्कधर्मी माध्यमात हीच अभिक्रिया वेग घेते. म्हणजे शिळ्या दुधाचाही खवा तांबूस दिसेल. उलट, पिष्ट मिसळलेला खवा पांढराशुभ्र राहू शकतो. पाण्यात उकळून गार केलेल्या नमुन्यावर आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग त्याची चुगली करतो. अन्नसुरक्षा मानकेही खव्याचा रंग नव्हे, तर कोरड्या वजनावर किमान ३० टक्के दुधाची स्निग्धता मागतात, ते योग्यच आहे. गिऱ्हाइकाने रंगावरून भाजणी जोखावी. शुद्धतेसाठी मात्र वास, चव आणि चाचणी यांच्याकडेच वळावे.