फोर्टातली अडीच एकर सावली

मुंबईच्या फोर्टात काम करणाऱ्या रोजेदाराला सकाळ जड जात नाही. जड जाते ती दुपार. पहाटेची सहरी, लोकलची गर्दी, मग बँका-कचेऱ्यांचे जिने. जोहरची नमाज झाली की असरपर्यंत घटकाभर पाठ टेकावीशी वाटते, आणि चहाच्या टपरीजवळ तर उभंही राहवत नाही. अशा वेळी पावलं हॉर्निमन सर्कलच्या बागेकडे वळतात.

बाग जेमतेम अडीच एकरांची. एका अंगाला टाऊन हॉलच्या पायऱ्या, दुसऱ्या अंगाला १७१८ सालचं सेंट थॉमस कॅथेड्रल, भोवती कमानदार इमारतींचं कडं. आत दाट झाडी. डबा उघडणारा सहकारी रोजेदाराला पाहून पलीकडच्या बाकावर सरकतो. शेजारी कुणी जेवलं म्हणून रोजा बिघडत नाही, तरी तो सरकतो.

या जागेवर पूर्वी कापसाच्या गासड्या रचल्या जात. टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली शेअर दलाल जमत. मुंबईचा शेअर बाजार मूळचा तिथला. इथे गोल चौक आणि बाग करण्याची कल्पना पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेट यांची. याच फोर्जेटच्या अमलात १८५७ च्या ऑक्टोबरात सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन सैनिकांना, आज जिथे आझाद मैदान आहे तिथे, तोफेच्या तोंडी दिलं गेलं. बाग १८७२ मध्ये पुरी झाली आणि चौकाला नाव मिळालं एल्फिन्स्टन यांचं, म्हणजे मुंबईच्या एका माजी गव्हर्नरांचं.

स्वातंत्र्यानंतर हे नाव बदललं, तेही एका इंग्रजाच्याच नावाने. बेंजामिन हॉर्निमन हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध मुंबईत हरताळ झाला. त्या दिवशी गांधीजी आणि सरोजिनी नायडू ठाकुरद्वारजवळच्या एका मशिदीत मुसलमानांच्या आग्रहावरून बोलले. ‘क्रॉनिकल’ या चळवळीच्या बाजूने उभं होतं. त्याच महिन्यात सरकारने हॉर्निमन यांना बोटीवर चढवून विलायतेला धाडलं. तिथेही ते गप्प बसले नाहीत; १९२० मध्ये त्यांनी अमृतसरच्या हत्याकांडावर पुस्तक लिहिलं. परत यायला १९२६ साल उजाडलं.

पुढे ‘क्रॉनिकल’ची खुर्ची वर्षानुवर्षं सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी सांभाळली. ते पक्के राष्ट्रवादी मुसलमान, काँग्रेसचे. १९४९ मध्ये मृत्यू आला तोवर ते संपादकच होते. हॉर्निमन यांना निदान बागेमुळे लोक ओळखतात. ब्रेलवींच्या नावाचा रस्ताही फोर्टातच आहे, पण ते कोण होते हे तिथल्या पानवाल्याला विचारून पाहा!

बाग पाहायची तर कामाच्या दिवशी, दुपारी जावं. सीएसएमटीहून चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात. उन्हं कलली की रोजेदार उठतो, नळावर वजू करतो, घड्याळ पाहतो. इफ्तारच्या आधी घर गाठायचं तर लोकल चुकवून चालत नाही.