शासकीय दस्तऐवजांची सुरक्षित देवाणघेवाण

शासनाच्या ताब्यातील संवेदनशील माहिती एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे, अथवा शासनाबाहेरील बँक, कंपनी, विद्यापीठ, लेखापरीक्षक, कंत्राटदार वा नागरिक यांच्याकडे पाठविताना ती योग्य व्यक्तीच्याच हाती पडावी, वाटेत तिच्यात फेरफार होऊ नये आणि तिच्या प्रवासाची नोंद राहावी, यासाठी केलेली व्यवस्था. लाखेची मोहोर केलेले पाकीट, विश्वासू जासूद आणि आवक-जावक नोंदवही ही या व्यवस्थेची जुनी साधने होत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हेरांनी सांकेतिक लिपीतून वार्ता पाठवावी, असे सांगितले आहे. संगणकाच्या आगमनानंतर मोहोरेची जागा कूटलेखनाने, जासुदाची संगणकजालाने आणि नोंदवहीची संगणकीय नोंदीने घेतली. साधने बदलली, तरी मूळ प्रश्न कायम आहे : दस्तऐवज हातातून गेला, की पाठविणाऱ्याचे त्यावरील नियंत्रण संपते, त्याची जबाबदारी मात्र संपत नाही. कागदाच्या बाबतीत मूळ प्रत निदान परत मागविता येई. संगणकीय फाईलची प्रत मुळाहून वेगळी ओळखता येत नाही आणि अशा किती प्रती झाल्या, हेही सांगता येत नाही. त्यामुळे या विषयात उपाय योजावयाचे, ते फाईल पाठविण्यापूर्वीच योजावे लागतात.

संवेदनशीलतेच्या श्रेणी : संवेदनशील असलेली प्रत्येक माहिती राज्याचे गुपित असतेच असे नाही. भारतात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार इत्यादींविषयीच्या कागदपत्रांवर अतिगुप्त, गुप्त, गोपनीय आणि प्रतिबंधित अशा चार श्रेणींचे शिक्के मारण्याची पद्धत आहे. ब्रिटनने २०१४ मध्ये आपल्या जुन्या श्रेणी मोडीत काढून ‘शासकीय’, ‘गुप्त’ व ‘अतिगुप्त’ अशा तीनच ठेवल्या. अमेरिकेत राज्यगुपित नसलेल्या, परंतु नियंत्रणाखाली ठेवावयाच्या माहितीसाठी २०१० मध्ये अध्यक्षीय आदेशाने स्वतंत्र वर्ग निर्माण करण्यात आला. ही माहिती कंत्राटदार, विद्यापीठे यांसारख्या शासनबाह्य संस्थांच्या संगणकांवर असताना कशी जपावी, याचे मार्गदर्शक नियमही तेथे आहेत. प्रत्यक्ष व्यवहारात बाहेर जाणारी बहुतेक माहिती याच मधल्या वर्गातील असते. करदात्यांची विवरणपत्रे, रुग्णांचे अहवाल, निवृत्तिवेतनधारकांचे बँक खाते क्रमांक, न उघडलेल्या निविदा, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका ही तिची उदाहरणे होत. तिच्या गळतीने राज्याला धोका पोहोचेलच असे नाही. पण एखाद्या कुटुंबाचे आयुष्यभराचे नुकसान होऊ शकते.

तांत्रिक आधार : सुरक्षित देवाणघेवाणीत चार गोष्टी साधाव्या लागतात : गुप्तता, मजकुराची अविकृतता, पाठविणाऱ्याची निश्चित ओळख आणि व्यवहाराची नाकारता न येणारी नोंद. यांपैकी पहिल्या तीन मुख्यत्वे कूटलेखनशास्त्रावर अवलंबून आहेत.

कूटलेखनाच्या एका प्रकारात फाईल बंद करण्यास व उघडण्यास एकच किल्ली वापरतात. अमेरिकेने १९७७ मध्ये स्वीकारलेल्या ‘डीईएस’ या मानक पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती. तिच्या ७२,००० लाख कोटींहून अधिक किल्ल्या संभवत असल्या, तरी १९९८ मध्ये मुद्दाम बांधलेल्या एका यंत्राने त्यांतील नेमकी किल्ली तीन दिवसांच्या आत शोधून काढली. २००१ मध्ये ‘एईएस’ ही पद्धत मानक ठरली. योआन डेमन व व्हिन्सेंट रायमन या बेल्जियन शास्त्रज्ञांनी ती रचली असून तिची किल्ली १२८, १९२ किंवा २५६ बिटांची असते. सर्व किल्ल्या लावून पाहण्याच्या मार्गाने ती आजच्या संगणकांना उलगडता येत नाही.

एकाच किल्लीच्या पद्धतीत ती किल्ली दूरच्या व्यक्तीला गुप्तपणे पोहोचवावी कशी, ही अडचण उरते. व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये तीवर मार्ग दाखविला आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी ‘आरएसए’ ही पद्धत सिद्ध केली. ब्रिटनच्या गुप्तवार्ता विभागातील गणितज्ञांनी हीच तत्त्वे त्याआधी काही वर्षे शोधली होती. पण ते संशोधन १९९७ पर्यंत गुप्त राहिले. या पद्धतीत प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली सर्वांना ठाऊक असते व तिने कोणीही फाईल बंद करू शकतो. ती उघडते मात्र केवळ खाजगी किल्लीने, जी मालकाजवळच राहते. व्यवहारात दोन्ही पद्धती एकत्र वापरतात. मोठी फाईल जलद अशा एकाच किल्लीच्या पद्धतीने बंद करतात आणि ती छोटी किल्ली घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून सोबत पाठवितात.

मजकुरातील फेरफार ओळखण्यासाठी फाईलवर गणिती क्रिया करून तिचा ठराविक लांबीचा ठसा काढतात. एक स्वल्पविराम बदलला, तरी हा ठसा पूर्णपणे निराळा येतो. पाठविणाऱ्याने आपल्या खाजगी किल्लीने या ठशावर क्रिया केली, की अंकीय स्वाक्षरी तयार होते. अमुक सार्वजनिक किल्ली अमुक व्यक्तीचीच आहे, याची ग्वाही प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था देतात. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार नेमलेल्या नियंत्रकाकडून या संस्थांना परवाना मिळतो.

ई-निविदेचे उदाहरण : शासन आणि बाहेरचा पक्ष यांच्यातील अशा व्यवहाराचे परिचित उदाहरण म्हणजे ई-निविदा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली ई-निविदा प्रणाली अनेक राज्यांत वापरली जाते; महाराष्ट्राचे ‘महाटेंडर्स’ हे संकेतस्थळ तिच्यावरच चालते. पूर्वी निविदेचे मोहोरबंद पाकीट पेटीत पडे आणि ठरलेल्या दिवशी सर्वांसमक्ष फोडले जाई. या प्रणालीत निविदा भरणाऱ्याचे दर, निविदा उघडण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या सार्वजनिक किल्ल्यांनी बंद होतात. वेळ झाल्यावर त्या अधिकाऱ्यांनी आपापल्या अंकीय प्रमाणपत्रांनी ते उघडावयाचे असतात आणि हे काम एकट्यावर न सोपविता किमान दोघांवर सोपविण्याची पद्धत आहे. फाईल ठेवून घेणाऱ्या यंत्राजवळ ती उघडण्याची किल्ली नसावी, हे तत्त्व येथे महत्त्वाचे आहे. त्याचा अभाव काय करू शकतो, हे पुढील घटनांवरून दिसून येते.

उल्लेखनीय दुर्घटना : (१) ब्रिटनमधील २००७ ची घटना. ब्रिटनच्या महसूल व सीमाशुल्क विभागाने १८ ऑक्टोबर २००७ रोजी बालक-भत्त्याची संपूर्ण माहिती दोन तबकड्यांवर उतरवून लंडन येथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाकडे पाठविली. पाकिटाची नोंदणी केलेली नव्हती आणि ते पोहोचले नाही. तबकड्यांना परवलीचा शब्द होता, पण माहिती कूटबद्ध केलेली नव्हती. सुमारे २.५ कोटी व्यक्तींची, म्हणजे ७२.५ लाख कुटुंबांची नावे, पत्ते, जन्मतारखा, विमा क्रमांक व बँक तपशील त्यांवर होते. अर्थमंत्री अलिस्टर डार्लिंग यांनी २० नोव्हेंबर रोजी संसदेत हे जाहीर केले आणि विभागाचे अध्यक्ष पॉल ग्रे यांनी राजीनामा दिला. तबकड्या सापडल्या नाहीत. या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद भाग टपालाच्याही आधीचा आहे. लेखापरीक्षकांना नमुना निवडण्यासाठी बँक तपशील किंवा पत्ते नको होते आणि त्यांनी ते वगळण्यास सुचविले होते. तथापि ते वगळण्याचे काम बाहेरच्या संगणक कंत्राटदाराकडून करून घ्यावे लागले असते व त्यास जादा खर्च आला असता. म्हणून संपूर्ण संच जसाच्या तसा पाठविण्यात आला.

(२) ‘मूव्हइट’ प्रकरण. २००७ नंतर तबकड्यांची जागा फाईल-हस्तांतराच्या खास सॉफ्टवेअरने घेतली. त्यात पाठविणारा मधल्या सर्व्हरवर फाईल ठेवतो आणि घेणारा परवलीचा शब्द देऊन ती उतरवून घेतो. ‘मूव्हइट’ हे अशांपैकी एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर. मे २०२३ च्या अखेरीस ‘क्लॉप’ या गुन्हेगारी टोळीने त्यातील एका अज्ञात दोषाचा फायदा घेऊन जगभरातील २,००० हून अधिक संस्थांच्या फाईली चोरल्या. अमेरिकेचा ऊर्जा विभाग, लुइझियाना व ओरेगन या राज्यांची वाहन परवाना खाती आणि कॅनडातील नोव्हास्कोशा प्रांताचे शासन त्यांत होते. एकट्या ओरेगनमध्ये सुमारे ३५ लाख नोंदींचा प्रश्न होता. फाईली सर्व्हरवर कूटबद्ध स्वरूपात असल्या, तरी उघडण्याच्या किल्ल्या त्याच यंत्रणेच्या हाती असल्यामुळे यंत्रणा ताब्यात येताच कुलपाचा उपयोग उरला नाही. शिवाय काम संपल्यावर जी फाईल सर्व्हरवरून पुसली जात नाही, ती अशा वेळी विनाकारण चोराच्या हाती लागते.

(३) उत्तर आयर्लंडमधील घटना. ८ ऑगस्ट २०२३ रोजी तेथील पोलीस दलाने माहिती अधिकाराखालील एका अर्जाला उत्तर देताना एक तक्ता प्रसिद्ध केला. मागितलेली माहिती केवळ संख्यांची होती. परंतु त्या फाईलमध्ये दृष्टीआड राहिलेल्या एका पानावर ९,४८३ अधिकारी व कर्मचारी यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दा, विभाग व ठिकाण होते. काही तासांत फाईल काढून टाकण्यात आली, तरी ती दहशतवादी गटांच्या हाती पडल्याचे दलाने मान्य केले. ज्या प्रदेशात पोलीस आपला व्यवसाय शेजाऱ्यांपासूनही लपवितात, तेथे हा थेट जिवाचा प्रश्न होता. पुढे या चुकीबद्दल दलाला ७.५ लाख पौंडांचा दंड झाला. येथे कोणीही कुलूप तोडले नव्हते. फाईलच्या पोटात काय आहे, हे पाठविण्यापूर्वी पाहिले गेले नव्हते.

कार्यपद्धती : या अनुभवांतून काही नियम रूढ झाले आहेत. पहिला नियम म्हणजे कामापुरतीच माहिती देणे. ओळख पटविणारे स्तंभ वगळणे किंवा नावाऐवजी स्वैर क्रमांक देणे हा त्याचा भाग होय. जी माहिती पाठविलीच नाही, ती हरवत नाही. दुसरा नियम असा, की शक्य तेथे फाईल बाहेर धाडण्याऐवजी वाचकाला आत बोलवावे. ब्रिटन व अमेरिका येथील सांख्यिकी संस्था मान्यताप्राप्त संशोधकांना बंदिस्त संगणकीय कक्षात काम करू देतात. मूळ नोंदी तेथेच राहतात आणि निष्कर्ष तपासूनच बाहेर सोडले जातात. तिसरा, फाईल व तिची किल्ली एकाच मार्गाने पाठवू नये. फाईल आणि तिचा परवलीचा शब्द एकाच पत्रात पाठविणे म्हणजे किल्ली कुलपालाच अडकवून ठेवणे होय. चौथा, प्रवेशाला मुदत असावी, परवलीच्या शब्दाबरोबर ओळखीचा दुसरा पुरावा मागावा आणि फाईल कोणी, केव्हा उघडली, याची नोंद ठेवावी. पाचवा, बाहेरच्या पक्षाशी केलेल्या करारात माहितीचा हेतू, पुढे न देण्याची अट, गळतीची तत्काळ सूचना आणि काम संपल्यावर माहिती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र यांचा समावेश असावा.

नियम कठोर करण्यालाही मर्यादा आहे. अधिकृत मार्ग अतिशय किचकट झाला, तर घाईत असलेला कर्मचारी खाजगी ई-मेल किंवा भ्रमणध्वनीवरील संदेशसेवा यांचा आधार घेतो आणि मग कोणतीच नोंद उरत नाही. तसेच माहिती अडवून ठेवल्यानेही हानी होते : ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी आयोगाने २००४ मध्ये, गुप्तवार्ता संस्थांनी एकमेकींना माहिती न देणे हा एक मोठा दोष ठरविला. त्यानंतर माहिती अधिक मोकळेपणाने वाटण्यात आली. २०१० मध्ये ‘विकिलीक्स’ने अमेरिकेच्या सुमारे अडीच लाख राजनैतिक तारा प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा या मोकळेपणाची दुसरी बाजू उघड झाली.

भारतातील कायदे : शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ हा गुपित फोडणाऱ्याला शिक्षा करतो, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा माहिती देणे हा नियम व नाकारणे हा अपवाद मानतो, संवेदनशील फाईल हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला या दोहोंचे भान ठेवावे लागते. २८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार संगणक सुरक्षेचा भंग लक्षात आल्यापासून ६ तासांत तो ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय संस्थेला कळविणे बंधनकारक आहे. अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहितीवरील प्रक्रिया बाहेरच्या संस्थेकडून करून घेतली, तरी तिची जबाबदारी मूळ धारकावरच राहते. सुरक्षेच्या उपायांत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शासनाच्या काही संस्थांना या अधिनियमातून सूट देण्याचा अधिकार मात्र केंद्र सरकारला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू करावयाचे आहेत.

नवे प्रश्न : पुरेसे मोठे पुंज संगणक बनल्यास आरएसएसारख्या पद्धती उलगडता येतील. आज चोरलेली कूटबद्ध फाईल त्या दिवसापर्यंत साठवून ठेवता येते. म्हणून ज्यांची गुप्तता दशकानुदशके टिकली पाहिजे, अशा दस्तऐवजांबाबत हा प्रश्न आजचाच आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये या धोक्याला तोंड देऊ शकतील अशी पहिली तीन मानके प्रसिद्ध केली. त्यांनी कुलूप अधिक भक्कम होईल. तथापि बँक तपशील वगळण्याचा खर्च वाचविणे किंवा तक्त्यातील दृष्टीआडचे पान न तपासणे यांवर गणितात उपाय नाही. कोणती माहिती, कोणाला, किती आणि कोठवर द्यावयाची, हा निर्णय पाठविणाऱ्या अधिकाऱ्यालाच घ्यावा लागतो आणि त्याची नोंद त्याच्या नावावर राहणे, हा या सर्व व्यवस्थेचा पाया होय.