गाडीच्या दारातून पाणी येतंय? रबर बदलण्याआधी हे तपासा



आपल्यापैकी बरेच जण स्वतःच्याच गाडीतून माल पोचवतात. केक, मसाले, साड्या, लग्नाची कार्डं, काय वाट्टेल ते. पावसाळ्यात सीटपुढचं कार्पेट ओलं झालं, की गाडीपेक्षा आधी मालाचं टेन्शन येतं. पुठ्ठ्याचा बॉक्स खालून नरम पडला की गिऱ्हाईक घेत नाही. कपड्यांना कुबट वास लागला की पार्सल परत. मग आपण गॅरेज गाठतो, "दाराचं रबर गेलंय" असं ऐकतो, रबर बदलतो, आणि पुढच्या सरीला कार्पेट पुन्हा ओलं. रबराचे पैसे गेले, गाडी एक दिवस उभी राहिली, ऑर्डरी चुकल्या त्या वेगळ्याच.

माझं कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे, त्यामुळे ही तक्रार दर पावसाळ्यात काउंटरवर येते. म्हणून आज नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: दाराच्या आत पाणी जाणं हा बिघाड नाहीच! काच वर-खाली होते तिथे बाहेरच्या बाजूने रबराची पट्टी असते. ती काच पुसते, पण सगळं पाणी अडवत नाही. उरलेलं पाणी काचेवरून दाराच्या पोकळीत उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांमधून खाली रस्त्यावर पडतं. कंपनीने दार तसंच बनवलेलं असतं. हे पाणी तुमच्या पायाशी येऊ नये म्हणून आतल्या पत्र्यावर, डोअर पॅडच्या मागे, प्लास्टिकचा किंवा फोमचा एक पडदा चिकटवलेला असतो. काळ्या, चिकट ब्युटाइलच्या पट्टीने. गाडी घेऊन दहा वर्षं झाली तरी हा पडदा कोणी पाहिलेला नसतो, आणि घोटाळा बहुतेक वेळा तिथेच असतो.

म्हणजे संशयित तीन. तळाची भोकं बुजली, आतला पडदा सुटला किंवा फाटला, नाहीतर दाराच्या चौकटीचं रबर, ज्याला आपण बीडिंग म्हणतो, ते दबलं.

पण थांबा. आधी चोर दारातच आहे का ते बघा. पाऊस नसताना, नुसता एसी लावून फिरल्यावर डाव्या सीटपुढे ओल येते का? मग एसीचं पाणी बाहेर टाकणारा पाइप तुंबलेला असू शकतो. ओल चिकट आहे आणि गोडसर वास येतोय? ते इंजिनचं कूलंट असू शकतं, सरळ मेकॅनिककडे न्या. सनरूफवाल्या गाडीत छताचे पाइपही तुंबतात. हे सगळं सोडून फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावरच ओल येत असेल, तर दाराकडे वळा.

दार हळूच उघड-बंद करून कान द्या. आत डुचमळल्यासारखा आवाज आला तर भोकं बुजलीत. धूळ, पानं, वॉशिंगवाल्याने मारलेला अंडरकोट, काहीही अडकतं. प्लास्टिकच्या केबल टायने किंवा जाड स्ट्रॉने मोकळी करा. स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. आतला रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो.

बीडिंगसाठी कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. एखाद्या जागी सहज निसटली तर तिथे रबर बसलंय. कधीकधी ते नुसतं खोबणीतून सुटलेलं असतं, हाताने दाबलं की काम झालं.

आता पाण्याची टेस्ट. उंबऱ्यावर आणि कार्पेटच्या कडेला कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा. घरातलं कोणीतरी टॉर्च घेऊन आत बसवा. बाहेरून साध्या पाइपने, कमी धारेने, खालून वर जायचं. आधी दाराचा खालचा भाग दोन-तीन मिनिटं, मग मधला, मग काचेची पट्टी, शेवटी वरची चौकट. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. प्रेशर वॉशर तर नकोच, तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो. ज्या पायरीला कागदावर डाग पडला, ती जागा खडूने मार्क करा.

खालच्या भागाला कोरडं आणि काचेच्या पट्टीवर पाणी मारताच उंबरा ओला, असं झालं तर नव्वद टक्के आतला पडदा, असं मी तरी धरून चालतो. विचारायचा प्रश्न एकच: हे दार आधी कधी उघडलं होतं? स्पीकर बदलला, पॉवर विंडोची मोटर दुरुस्त केली, सेंट्रल लॉक बसवलं. घाईत काम करणारा माणूस पडदा ब्लेडने कापतो आणि तसाच लोंबता सोडतो. आमच्याच लाईनमधली गोष्ट आहे, म्हणून सांगतोय. घरगुती बेकरी चालवणाऱ्या एका ताईंनी बाहेर एकाच दाराचं बीडिंग दोनदा बदलून घेतलं होतं. पॅड काढला तर स्पीकरच्या खाली हातभर फाटलेलं प्लास्टिक.

पॅड काढायचा असेल तर आधी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दारात असतो, त्यामुळे ही पायरी गाळू नका. हँडलच्या आणि आर्मरेस्टच्या झाकणाखालचे स्क्रू काढा, मग कडेने प्लास्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप उचला. एक-दोन क्लिपा तुटतातच, आधीच आणून ठेवा. पॅड ओढून लांब करू नका, मागे स्विचची वायर आणि हँडलची केबल असते.

फाटलेला भाग पुसून पूर्ण कोरडा करा. जुनी चिकट पट्टी मळली असेल तर काढून नवी ब्युटाइल टेप लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन तिथे वापरू नका, त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो. आणि हो, पडद्याचं खालचं टोक जिथे मुळात पत्र्याच्या आत खोचलेलं असेल, तिथे ते आतच गेलं पाहिजे. बाहेर राहिलं तर पडदा नवा असूनही पाणी तुमच्या पायाशीच.

पॅड लावायच्या आधी काचेवर दोन-तीन मग पाणी ओता. तळाच्या भोकांतून लगेच धार लागली आणि पडद्याची तुमच्याकडची बाजू कोरडी राहिली, तरच पॅड बसवा.

कार्पेट वरून सुकलं म्हणून लगेच माल ठेवू नका. त्याखालचा फोम पाणी धरून ठेवतो, वास त्याचाच येतो. कार्पेट उचलून खाली पंखा लावा आणि फोम हाताने दाबून बघा. तोवर माल प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, क्रेट मागच्या सीटवर.

एसीचा पाइप कसा मोकळा करायचा, ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो.