तापाला आधी कोण सापडतं?

दोस्ता, एक गंमत सांगू? तुझ्या मित्रमैत्रिणींना बहुतेक तुझ्यापेक्षा जास्त मित्र असतील! रुसू नकोस हं. जगात बऱ्याच जणांचं असंच असतं!

कसं काय? चल मधल्या सुट्टीत! चिंगीची बंड्या, गौरी, सोनू आणि पिंट्या या चौघांशी गट्टी. त्या चौघांची मात्र फक्त चिंगीशी. कागदावर पाच ठिपके काढ. ज्यांची गट्टी, त्यांच्यामध्ये रेघ ओढ. झाला मैत्रीचा नकाशा! चिंगीच्या ठिपक्याला चार रेघा, बाकीच्यांना एकेकच. म्हणजे पाचांपैकी चौघांच्या मैत्रिणीला त्यांच्याहून जास्त मित्र!

आता या नकाशात तापाचा विषाणू सोडू. तो रेघारेघांवरून पळणार. लवकर कुणाला गाठेल? बरोब्बर, चिंगीला! तिच्याकडे यायला चार वाटा आहेत ना! यात तिची चूक मात्र मुळीच नाही बरं का.

अमेरिकेतल्या निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर या शास्त्रज्ञांना वाटलं, साथ कुठवर आली हे या चिंग्यांकडूनच कळेल की! हे त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात तपासायचं ठरवलं. पण तिथे हजारो विद्यार्थी. सगळ्यांच्या रेघा कोण काढत बसणार?

मग त्यांनी काय केलं, ओळख बघू! कुठलेही काही विद्यार्थी निवडले आणि विचारलं, "तुझे मित्र कोण?" बस्स! कारण ज्याला खूप मित्र, त्याचं नाव खूप जणांच्या तोंडी येतं. चिंग्या आपोआप सापडतात!

२००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली. शास्त्रज्ञांनी ७४४ विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवलं. आणि काय आश्चर्य! ज्यांची नावं मित्र म्हणून सांगितली होती, त्यांच्यात साथ बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दोन आठवडे आधी पसरली! दोन आठवडे! तेवढ्यात डॉक्टरांना औषधं मागवता येतात, खाटा तयार ठेवता येतात. आणि पूर्ण नकाशा कुणी काढलाच नव्हता!

याच युक्तीचा आणखी एक उपयोग तीन शास्त्रज्ञांनी २००३ मध्येच गणितानं दाखवला होता. लस थोडीच असेल तर? कुणालाही गाठायचं, त्याला एका मित्राचं नाव विचारायचं आणि लस त्या मित्राला द्यायची! चिंगीला लस मिळाली की तिच्या चारही रेघांवर विषाणूची वाट बंद. बंड्याकडून गौरीकडे जाणार कुठून?