सिमेंटच्या पत्र्यातील ॲस्बेस्टॉस : ओळख आणि खबरदारी

मृगापूर्वी गोठ्याचे छप्पर दुरुस्त करण्याची लगबग आपल्या घरोघरी असते. कौले जाऊन सिमेंटचे पत्रे आले, त्यालाही बरीच वर्षे झाली. फुटका पत्रा काढावा, नव्याला भोके पाडावीत, उरलेले तुकडे बांधावर टाकावेत, ही कामे आपण सहज करतो. त्या पत्र्यात काय असते, याचा विचार मात्र क्वचितच करतो. म्हणून या वेळी त्याविषयी चार शब्द.

जुन्या पत्र्यांत सिमेंटबरोबर बहुधा शेकडा दहाच्या आसपास ॲस्बेस्टॉस असते. हे कारखान्यात बनत नाही. ते खडकात सापडणारे खनिज आहे. भूगर्भातील उष्णता, दाब व गरम पाणी यांमुळे मॅग्नेशियमयुक्त खडक पालटतो आणि त्याच्या भेगांत रेशमासारखे तंतू तयार होतात. यालाच क्रायसोटाइल किंवा पांढरे ॲस्बेस्टॉस म्हणतात. मॅग्नेशियम, सिलिका आणि पाण्याचा अंश हे त्याचे घटक होत.

हा तंतू जळत नाही, कुजत नाही, ताण सोसतो आणि सुतासारखा विणताही येतो. त्यामुळे पत्रे, पाइप, गाड्यांचे ब्रेक, बॉयलरची वेष्टने अशा अनेक ठिकाणी तो वापरला गेला. आपल्या देशात कडप्पा जिल्ह्यातील पुलिवेंदुला भागात क्रायसोटाइलच्या खाणी होत्या. सरकारने 1986 मध्ये नवे खाणपट्टे देणे व 1993 मध्ये जुन्यांचे नूतनीकरण थांबवले. त्यानंतर कारखान्यांची गरज मुख्यतः परदेशी मालावर भागू लागली.

मग धोका कोठे आहे? पत्रा अखंड असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. तो कापला, फोडला वा घासला की केसाहूनही बारीक तंतू धुळीबरोबर उडतात. ते श्वासावाटे फुप्फुसात रुततात आणि शरीर त्यांना सहज बाहेर टाकू शकत नाही. त्यातून फुप्फुसे निबर होऊन धाप लागते. फुप्फुसाचा आणि त्यावरील आवरणाचा कर्करोगही होतो. हे विकार वीस ते चाळीस वर्षांनी दिसतात, त्यामुळे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिकच वाढतो. युरोपीय संघात 2005 पासून याच्या वापरावर बंदी आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यतपासणीचे व विम्याचे आदेश दिले.

घाबरून चांगला पत्रा उतरवण्याची गरज नाही. पुढील काळजी मात्र घ्यावी :

1. पत्रा कापू नये. भोक पाडणे भागच असेल, तर पाणी शिंपडून हाताच्या गिरमिटाने पाडावे. विजेचे यंत्र लावू नये.
2. शेवाळ तारेच्या ब्रशाने खरवडू नये.
3. पडलेली भुकटी कोरडी झाडू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.
4. नाकाला बांधलेला रुमाल पुरेसा नाही. धुळीसाठीचा खास मास्क वापरावा. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. मुलांना दूर ठेवावे.
5. तुकडे कुटून अंगणात भर घालू नये. ते ओले करून जाड प्लास्टिकमध्ये बांधावेत आणि पंचायतीला विचारून टाकावेत.
6. पत्र्यावर थेट पाय देऊ नये, तो अचानक मोडतो. फळी टाकूनच चढावे.

नवे छप्पर घालताना कौले किंवा लोखंडी पत्र्याचा विचार करावा. ज्यांनी अशा कारखान्यात काम केले आहे व ज्यांना दम लागतो, त्यांनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. परमेश्वराने दिलेला श्वास जपणे हेही आपले कर्तव्यच आहे.