भाला नेमका कुणी फेकला? मात्ती यार्विनेन आणि दोन महायुद्धांमधली वीस वर्षं



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पुष्कळांना नवल वाटलं. तत्त्वज्ञान शिकवण्यात उभा जन्म गेला आमचा, मग भालाफेकीवर आम्ही काय बोलणार? पण भाला आणि तत्त्वज्ञान यांची ओळख फार जुनी आहे, बरं का. आपण तिथूनच सुरुवात करू.

प्लुटार्क नावाचा ग्रीक चरित्रकार एक गोष्ट सांगतो. अथेन्समध्ये पेरिक्लीसच्या काळात एका खेळाडूने फेकलेला भाला चुकून दुसऱ्याला लागला आणि तो माणूस मेला. तेव्हा पेरिक्लीस आणि प्रोटॅगोरस हा तत्त्वचिंतक दिवसभर एकाच प्रश्नावर वाद घालत बसले: मृत्यूला जबाबदार कोण? भाला, भाला फेकणारा, की स्पर्धा भरवणारे? ही गोष्ट बाहेर पसरवली कुणी, तर पेरिक्लीसच्याच पोराने, बापाची टिंगल करायला. एवढं मोठं नगर चालवणारा माणूस दिवसभर काथ्याकूट करतो, म्हणून. आम्हाला मात्र तो दिवस वाया गेला असं वाटत नाही. कारण हाच प्रश्न उलटाही विचारता येतो. भाला चांगला, लांब गेला, तर त्याचं श्रेय कुणाचं? आणि जिथे जायला हवा होता तिथे गेला नाही, तर दोष कुणाचा?

हा प्रश्न तपासायला आपण एकच माणूस घेऊ: फिनलंडचा मात्ती यार्विनेन. जन्म १९०९, तांपेरे या गावी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात भालाफेक म्हटलं की पहिलं नाव याचं.

आधी देश समजून घ्या. फिनलंड १९१७ पर्यंत रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. स्वातंत्र्य मिळालं आणि १९१८ मध्ये लगेच यादवी युद्ध पेटलं. दोनच वर्षांनी, १९२० साली, अँटवर्पला ऑलिम्पिक झालं. तिथे भालाफेकीत पहिले चारही क्रमांक फिनलंडचे. सुवर्ण मिळालं योन्नी म्यूराला, ६५.७८ मीटरवर. १९२४ मध्ये पॅरिसला पुन्हा तोच. नव्या, गरीब, थंडीने गारठलेल्या देशाला जगापुढे उभं राहायला ही एक जागा सापडली होती.

त्याच अँटवर्पला आपली माणसंही होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी घरची, अनवाणी धावणारी पोरं पाहिली. त्यांचा वेग पाहून ही पोरं ऑलिम्पिकला का जाऊ नयेत, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी खटपट करून, पदरचे पैसे घालून पथक उभं केलं. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वा आला. कुस्तीत रणधीर शिंदे चौथा आला, पदक एका लढतीने हुकलं. आपल्या वऱ्हाडापुरतं सांगायचं, तर अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलेलं होतंच. म्हणजे पोरं इथेही होती, हौस होती, ताकद होती. मग फरक कुठे पडला? हे मनात ठेवा.

आता यार्विनेनचं घर पाहू. बाप व्हेर्नर यार्विनेन १९०६ साली अथेन्सच्या खेळांत ग्रीक पद्धतीच्या थाळीफेकीत पहिला आला होता. ते खेळ पुढे अधिकृत ऑलिम्पिक म्हणून मोजले गेले नाहीत, पण फिनलंडला त्याचं अप्रूप राहिलं. एक भाऊ काल्ले गोळाफेक करायचा. दुसरा अकिलेस, डेकॅथलॉनमध्ये १९२८ आणि १९३२ अशी दोनदा ऑलिम्पिकची रौप्यपदकं. ज्या घरात जेवताना थाळी, गोळा आणि भाला हेच बोलणं, तिथे मात्ती वाढला.

शिवाय गावाचा खेळ. १९२०च्या दशकात लाउरी पिहकला या माणसाने फिनलंडमध्ये पेसापल्लो नावाचा चेंडू-दांडूचा खेळ बसवला. शाळाशाळांत तो पसरला. चेंडू खांद्यावरून जोरात फेकायची सवय अख्ख्या पिढीच्या हाताला लागली. आपल्याकडे ज्वारीच्या वावरात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारी पोरं होती, त्यांचा हात आठवा. गोफणीची विद्या नेमाची असते, पाखरांच्या थव्यावर दगड पडला पाहिजे. भालाफेकीत नेम लागत नाही, ठरवून दिलेल्या कोनाच्या आत अंतर लागतं. पण खांदा तयार होतो तो लहानपणीच, हे दोन्हीकडे सारखं.

पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, लांबी २.६० ते २.७० मीटर. त्या काळी तो लाकडाचा असायचा, टोक तेवढं धातूचं. लोकांना वाटतं की भाला हात फेकतो. तसं नाही. धावत आलेलं अंग पुढचा पाय रोवून एकदम थांबवायचं असतं. पाय थांबतो, कंबर पुढे येते, मग छाती, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. धावण्यातला जोर चाबकाच्या वादीसारखा टोकापर्यंत पोचतो. या साखळीत पाठीवरही मोठा ताण येतो. हेही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३० साली यार्विनेन २१ वर्षांचा होता. ८ ऑगस्टला व्हीपुरी या शहरात त्याने ७१.५७ मीटर फेक केली. जागतिक विक्रम. त्या एकाच मोसमात त्याने तो विक्रम आणखी तीनदा मोडला, ७२.९३ पर्यंत नेला. स्वतःचाच विक्रम स्वतः मोडत जायचं, हा त्याचा पुढच्या सहा वर्षांचा उद्योग. एकूण दहा जागतिक विक्रम. शेवटचा जून १९३६ मध्ये हेल्सिंकीला, ७७.२३ मीटर. मध्ये १९३२ चं लॉस एंजेलिस ऑलिम्पिक. तिथे ७२.७१ मीटरवर सुवर्ण, दुसऱ्या नंबरपेक्षा जवळजवळ तीन मीटर पुढे, आणि दुसरा-तिसराही फिनलंडचाच. १९३४ मध्ये तुरिनला युरोपचं विजेतेपद.

आणि मग बर्लिन. ऑगस्ट १९३६. विक्रम होऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते. यार्विनेन फेकेल आणि जिंकेल, असंच सगळे धरून चालले होते. पण पाठ दुखावलेली होती. जर्मनीचा गेरहार्ड श्टॉक ७१.८४ मीटरवर जिंकला आणि यार्विनेन पाचवा आला. हिशेब पाहा: ज्या फेकीवर सुवर्ण गेलं, ती यार्विनेनच्या विक्रमापेक्षा पाच मीटरहून जास्त कमी होती.

इथे पेरिक्लीसचा प्रश्न पुन्हा येतो. दोष कुणाचा? पाठीचा? दहा विक्रमांचा हव्यास धरणाऱ्या माणसाचा? की त्याच्या खांद्यावर अपेक्षेचं ओझं ठेवणाऱ्या देशाचा? त्याच बर्लिनला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही गेलं होतं. त्या मुलांनी कबड्डी आणि मल्लखांब जगाला दाखवला. त्यांना पदक नव्हतंच, प्रात्यक्षिक होतं. त्यांना पाचवा नंबर आला असं कुणी म्हणू शकलं नाही. मोजपट्टी नसली की हारही नसते, आणि मोजपट्टी आली की पाचवा माणूस जन्माला येतो. आम्ही मोजपट्टीच्या विरुद्ध नाही हं. फक्त ती काय मोजते आणि काय मोजत नाही, एवढं पाहू या म्हणतो.

यार्विनेन संपला नाही. १९३८ मध्ये पॅरिसला तो पुन्हा युरोपचा विजेता झाला, ७६.८७ मीटर. पण विक्रम त्याच वर्षी त्याच्याच देशातल्या ऊर्यो निक्कानेनने नेला. निक्कानेनची ७८.७० ची फेक १९५३ पर्यंत टिकली. १९४० चं ऑलिम्पिक टोकियोने सोडलं आणि ते हेल्सिंकीला द्यायचं ठरलं. स्टेडियम १९३८ मध्ये तयारही झालं. ३१ वर्षांचा यार्विनेन आपल्या लोकांसमोर फेकू शकला असता. पण नोव्हेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या. खेळ रद्द झाले. जिथे त्याने पहिला विक्रम केला ते व्हीपुरी शहरसुद्धा युद्धानंतर फिनलंडकडे राहिलं नाही.

आता आम्हाला जिच्यासाठी हा विषय घ्यावासा वाटला, ती गोष्ट. हेल्सिंकीच्या त्या स्टेडियमला एक उंच पांढरा मनोरा आहे. त्याची उंची ७२.७१ मीटर. म्हणजे लॉस एंजेलिसची यार्विनेनची फेक, उभी करून ठेवलेली. क्रिकेटच्या साडेतीन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तर साधारण एवढी लांबी होते. विचार करा, ७२.७१ ही त्याची सर्वांत लांब फेक नव्हतीच. मनोरा झाला तेव्हा ७७.२३ कागदावर होती. तरी लोकांनी निवडली ती ७२.७१. विक्रम हा आकडा असतो, आज आहे, उद्या दुसऱ्याचा. पुढे तर आकड्यांची तुलनासुद्धा अवघड झाली. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर फेक केली, मैदान अपुरं पडेल अशी भीती वाटू लागली, आणि १९८६ पासून भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवून तो लवकर खाली येईल असं केलं. आपल्या नीरज चोप्राची टोकियोची ८७.५८ ही त्या नव्या भाल्याची फेक. मग निक्कानेनशी तिची तुलना कशी करणार? पण ज्या दिवशी, ज्या ठिकाणी, ज्यांच्यासाठी फेक झाली, ते बदलत नाही. मनोऱ्याने ते धरून ठेवलं.

आणि योगायोग असा की त्याच हेल्सिंकीला अखेर १९५२ मध्ये ऑलिम्पिक झालं, आणि तिथे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावाने वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. पेरिक्लीसला विचारा: ती कुस्ती कुणी जिंकली? खाशाबांनी, निःसंशय. पण त्या गहाणखताशिवाय ते मॅटपर्यंत पोचले नसते.

आमचं उत्तर असं. भाला फेकणारा एकच असतो. घाम त्याचा, पाठही त्याचीच दुखते, आणि श्रेयात त्याचा वाटा पहिला. पण तो धावतो ती पट्टी दुसऱ्या कुणीतरी सपाट केलेली असते. प्रोटॅगोरसने तिसरा पर्याय म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांचं नाव घेतलं होतं. आम्ही त्यात गाव, शाळा आणि घर मिळवतो. फिनलंड आणि आपण, फरक इथे पडला. पोरांत नाही.

आपल्या अनसिंग-वाशीमकडची पोट्टी पहाटे रस्त्याच्या कडेने धावतात. पोलीस भरतीची तयारी, १६०० मीटर आणि गोळाफेक. चार-पाच वर्षं देतात, आणि कुणाचं सेकंदाने, कुणाचं वीतभर अंतराने हुकतं. मग घरात म्हणतात, वर्षं वाया घालवली. दोष सगळा पोराचा. त्याला मैदान होतं का, शिकवणारा होता का, दुखावलेला खांदा वेळेवर कुणी पाहिला का, हे आपण विचारत नाही. यश आलं की आपण म्हणतो गावाचा पोरगा, हुकलं की फक्त बापाचा. हा हिशेब चुकीचा आहे, तर्कानेही आणि माणुसकीनेही. श्रेयात वाटा हवा असेल, तर दोषातही घ्यावा लागेल. आणि दोषातला वाटा घेणं म्हणजे हळहळणं नव्हे. शाळेचं मैदान संध्याकाळी उघडं ठेवणं, तिथले दगड वेचणं, पाठ दुखते म्हणणाऱ्या पोराला आधी थांबवणं, एवढ्यापासून ते सुरू होतं.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या, आणि आधी मागे उभ्या असलेल्या पोरांचे घेऊ.