नदीवरील फळीविहार : दोरी आणि जाकीट

घरांतील तरुण मंडळी हल्लीं फळीवर उभें राहून वल्ह्यानें नदीविहार करितात. वडील मंडळींनीं त्यांस आधीं एकच विचारावें : दोरी कोठें बांधणार?

समुद्रांत घोट्यास बांधलेली दोरी तारक. ती फळी दूर जाऊं देत नाहीं. परंतु कोलाडच्या कुंडलिकेसारख्या वेगवान प्रवाहांत तीच मारक होते. फळी खडकांत वा बुडालेल्या झाडांत अडकली, कीं पाण्याचा जोर माणसास खालीं दाबतो आणि हात घोट्यापर्यंत पोंचत नाहीं. म्हणून दोरी कमरेच्या पट्ट्यास बांधावी, व तो पट्टा एका हिसक्यासरशी सुटणारा असावा. सोडण्याचा सराव संथ पाण्यांत करावा. जाकीट फळीवर नव्हे, अंगांत असावें. खांद्यांशीं धरून वर ओढल्यास तें हनुवटीपर्यंत सरकूं नये.

बंधन तेंच हितकर, जें वेळीं सोडतां येतें, असें आम्हांस वाटतें.